माणशी दोन

नाकाला उन्हाचं पांढरं मलम फासून, डोळ्यांना दुर्बीण लावून सकाळभर झुडपात दबा धरून बसलेला सरकारी माणूस मी पाहिलाय. दरोडेखोर पकडायला नव्हता बसला. माझ्या भावाला पकडायला बसला होता, आणि माझा भाऊ वेंडेल आमच्या डल्सी मावशीसाठी मटनफिश काढत होता.

मटनफिश म्हणजे खडकाला चिकटून बसणारा कानाच्या आकाराचा शिंपला. शहरातले लोक त्याला अबलोनी म्हणतात आणि हॉटेलात मेणबत्ती लावून खातात. आम्ही या किनाऱ्यावरचे मूळचे काळे लोक, आम्ही तो कधीपासून खातोय ते आम्हालाही ठाऊक नाही. आमच्यात ज्याच्या छातीत दम आहे तो बुडी मारतो, आणि ज्यांच्यात नाही त्यांना आधी वाढतो. म्हातारे, आजारी, पोटुशा बाया, माझ्यासारखे पाण्याला घाबरणारे. पाण्यात उतरलेला सगळ्यात शेवटी खातो, उरलं तर. हे आम्ही कुठे लिहून ठेवलं नाही, तशी वेळच आली नाही. सरकारने मात्र पार्किंगच्या कडेला बोर्ड ठोकून लिहिलंय: माणशी दोन, आणि ज्याचे त्याने काढायचे.

मी धावत खडकावर पोचले तेव्हा वेंडेलची पिशवी उपडी केलेली होती. तो अधिकारी, प्रेंटिस त्याचं नाव, शिंपले रांगेत मांडत होता.

"हे कुणाचे?"

"सगळ्यांचे," वेंडेल म्हणाला. अंगावरून पाणी निथळत होतं, ओठ निळे पडले होते.

"सगळे हे काही नाव नाही."

"डल्सी मावशीचे. मॉरिस काकाचे. आमच्या टेसचे, तिला आठवा लागलाय. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांचे."

"ते सगळे पाण्यात होते का?"

"साहेब, मावशी ऐंशीला टेकलीय. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त मशीनवर धुतात."

"म्हणजे पाण्यात तू एकटाच होतास. म्हणजे हे सगळे तुझे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, एक पांढरी बोट डुलत होती. तिच्यावरून हवेची नळी पाण्यात सोडलेली. दोन पाणबुडे खाली, एक माणूस वर क्रेट भरतोय.

"ती बोट दिसते का तुला?" मी म्हटलं. "की दुर्बीण एकाच बाजूला वळते?"

"त्यांच्याकडे लायसन्स आहे, मॅडम."

लायसन्स! डल्सी मावशीचा बाप याच खडकावर बुडी मारून शिंपले डब्यात भरणाऱ्या कारखान्याला माल घालायचा. पुढे लायसन्स वाटायची वेळ आली तेव्हा मासेमारी खात्याने विचारलं, पावत्या दाखव. कारखान्याने त्याला पावती कधी दिलीच नव्हती, काळ्या माणसाला कोण पावती देतो! ज्यांच्याकडे पावत्या होत्या त्यांना लायसन्स मिळालं, आणि म्हातारा स्वतःच्या समुद्रात चोर ठरला. हे सगळं मी प्रेंटिसला ओरडून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. त्याचं तेच मला सहन होत नाही, तो ऐकून घेतो.

"मॅडम, ज्याला खायचंय त्याने स्वतः पाण्यात उतरावं," तो शांतपणे म्हणाला. "माणशी दोन. माझी काहीच हरकत नाही."

प्रेंटिसने वेंडेलचा रबरी सूट नेला, पायात घालायचे पोहण्याचे पंख नेले, शिंपले खरवडायची सळई नेली आणि गाडीसुद्धा नेली. वेंडेल पकडला जायची ही तिसरी खेप. कोर्टाने अट घातली: खटल्याचा निकाल लागेपर्यंत पार्किंगच्या कुंपणापलीकडे किनाऱ्यावर पाऊल टाकायचं नाही, आणि मटनफिश हातात दिसला की सरळ तुरुंग. गाडी गेलेली पाहून वस्तीतल्या बाकीच्या पोरांनी पाण्याचं नावच टाकलं. त्यांना तरी काय बोलणार?

मग मी गेले. हो, मीच. आमच्या घरात माझ्या भित्रेपणावर अजून हसतात. ओहोटी बघून गुडघाभर पाण्यात शिरले, खडकाखाली हात घातला, लाट आली, बोंबलत परत फिरले. तळपाय कापले, हाती काही नाही. घरी मावशी माझ्या पायाला औषध लावत हसत होती.

"रेलीन, तुझ्या आईने तुला पाण्यात टाकलं तेव्हाही तू अशीच केकाटली होतीस."

"हसू नकोस. तुझ्यासाठीच गेले होते."

"मला माहीत आहे गं." मग तिने माझा पाय खाली ठेवला. "तो मलमवाला काय म्हणाला होता? परत सांग."

"ज्याला खायचंय त्याने स्वतः उतरावं."

"मग ने मला."

मी नाही म्हटलं. वेंडेल नाही म्हणाला. मॉरिस काका, ज्याचं पाऊल साखरेने खाल्लंय आणि जो खुर्चीतून उठत नाही, तोसुद्धा टीव्ही बंद करून नाही म्हणाला. मावशीच्या छातीत मशीनची नळी बसवलेली आहे. नर्सने बजावलंय, नळीत समुद्राचं पाणी गेलं तर काही खरं नाही.

"कमरेपर्यंतच जाईन."

"लाट काय तुला विचारून येते?" मी ओरडले.

"मरायच्या आधी एकदा खायचंय मला," मावशी म्हणाली. "दवाखान्यातली उकडलेली कोंबडी तोंडात घेऊन मी जाणार नाही. तुम्ही आणू शकत नाही, तर मी आणते. सरकारनेच सांगितलंय ना? मग झालं तर."



शनिवारी सकाळी ओहोटी होती. शेजाऱ्याची व्हॅन घेतली. मागे मॉरिस काका, टेस आणि वस्तीवरच्या दोन म्हाताऱ्या. स्वयंपाकघरातलं चिकटं प्लॅस्टिक मी मावशीच्या छातीभोवती गुंडाळलं, वरून कचऱ्याची पिशवी बांधली, त्यावर तिचा जाड झगा. वेंडेल कुंपणाच्या अलीकडे उभा राहिला, लाकडाला दोन्ही गुडघे घट्ट टेकवून. जन्म ज्या पाण्यात गेला ते समोर, आणि मध्ये गुडघ्याएवढं कुंपण. प्रेंटिसची जीप आधीच येऊन थांबलेली होती. कुणी कळवलं देव जाणे.

मावशीचा हात धरून मी पाण्यात शिरले.  खडकांच्या मधल्या घळीत ती थांबली आणि अनवाणी पायाने कपारीखाली चाचपायला लागली. म्हाताऱ्या बायका असंच काढतात, डोळ्यांनी नाही, पायांनी.

"मावशी, डावीकडे! मोठ्या कपारीत!" वरून वेंडेल ओरडला.

"मला शिकवतोस?" ती मागे न बघता ओरडली. "तुला पहिली बुडी कुणी मारायला लावली रे, मेल्या?"

पायाला लागला. ती वाकली, जुना स्क्रू-ड्रायव्हर आत सारला, एक झटका, शिंपला सुटला. थोड्या वेळाने दुसरा. दोन्ही माझ्या बादलीत. मला तर नाचावंसं वाटलं. आम्ही वाळूवर आलो आणि समोर प्रेंटिस उभा.

"लायसन्स, मॅडम?"

झग्यातून पाणी गळतंय, ओठ थरथरतायत, छातीला कचऱ्याची पिशवी बांधलीय, आणि हा लायसन्स मागतोय. मावशीने पेन्शनचं कार्ड काढून त्याच्या अंगावर भिरकावलं. पेन्शनवाल्यांना लायसन्स लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. त्याने ते वाळूतून उचललं, पुसलं, दोन्ही बाजूंनी वाचलं आणि परत दिलं. मग खिशातून मोजपट्टी काढली. पहिला शिंपला मापात बसला. दुसरा नखभर कमी पडला.

"हा परत ठेवावा लागेल."

"पाणी चढायला लागलंय," मी म्हटलं. "दिसत नाही तुला? नखभर आहे, नखभर!"

"नियम आहे, मॅडम."

मी त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.  मावशीने मात्र तो शिंपला घेतला आणि पुन्हा पाण्यात चालू लागली. मी मागून धावले. त्याच कपारीत तिने तो चिकटवला, पुन्हा पायाने चाचपलं, आणि ती वाकलेली असतानाच लाट आली. मी कसं केलं मला माहीत नाही. दोन्ही हातांनी तिला काखेतून उचललं, उंच धरलं, पाणी माझ्या तोंडात गेलं, नाकात गेलं. वर वेंडेल कुंपणावर एक पाय टाकून उभा होता.

"मागे हो!" मी किंचाळले. "वेंडेल, मागे हो!"

तो मागे झाला. ती लाट जाईपर्यंत तो माणूस कुंपणामागे उभा राहिला, हे त्याने कसं केलं ते त्यालाच ठाऊक.

"सोड मला," मावशी माझ्या कानाशी म्हणाली. "पायाखाली दुसरा आहे, मोठा."

आणि तिने तो काढला. मोजपट्टी लागली, भरला. प्लॅस्टिक उघडून पाहिलं, नळी कोरडी होती. मी वाळूवर बसून रडले, रागाने.

पार्किंगमध्ये नगरपालिकेची फुकटातली शेगडी आहे, बटण दाबलं की तवा तापतो. मावशी तिथे चटई टाकून बसली आणि शिंपल्यातून मांस सोडवायला लागली.

"किनाऱ्यावर शिंपला फोडायला मनाई आहे," प्रेंटिस म्हणाला.

"लगेच खायचा असेल तर चालतो. तुझा बोर्ड वाच, शेवटची ओळ."

त्याने खरंच जाऊन वाचली. मावशीने दगडाने मांस ठेचलं, पातळ काप केले, लोणी टाकून तव्यावर परतले. त्या वासाने मॉरिस काकाने व्हॅनमध्ये डोळे मिटले. पहिला काप त्यालाच गेला. मग टेसला, मग दोन्ही म्हाताऱ्यांना.

"मावशी, तू खा ना आधी," मी म्हटलं. "एवढं कशासाठी केलंस?"

"पाण्यात कोण उतरलं?"

"मीही उतरले होते."

"तू नुसती केकाटत होतीस. घे."

मी घेतला. मग तिने एक काप उचलला आणि वेंडेलसमोर धरला. आमच्यातला सगळ्यात चांगला पाणबुड्या, आणि आज पाण्यात जाता न येणारा तोच. प्रेंटिस पुढे आला.

"मॅडम, त्याच्या हातात दिलंत तर मला त्याला आत्ता न्यावं लागेल. कोर्टाची अट आहे."

 मावशीचा हात तसाच पुढे. वडीलधाऱ्याने पुढे केलेला घास आमच्यात कुणी नाकारत नाही, बेशुद्ध असला तरच. वेंडेलने तिच्याकडे पाहिलं, प्रेंटिसकडे पाहिलं. मग त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले, खाली वाकला आणि लहान पोरासारखं तोंड उघडलं. मावशीने भरवलं.

"हात दाखव त्याला," ती म्हणाली.

वेंडेलने चावता चावता रिकामे हात पुढे केले. टेस खो खो हसली. प्रेंटिसने खिशातून वही काढली. मी उठले, मावशीने माझा झगा ओढून मला खाली बसवलं.

तव्यावर शेवटचा काप उरला होता. मला वाटलं, आता तरी. मावशीने तो उचलला, उठली, गुडघ्यावर हात ठेवत चालत गेली आणि प्रेंटिससमोर धरला.

"घे."

"मावशी!" मी ओरडले. "त्याला? त्या मेल्याला?"

"गप गं. तो पाण्यात होता का?"

"नव्हता, पण..."

"मग?"

प्रेंटिसच्या मलमाखालचं नाक लाल झालं. वही एका हातात, पेन दुसऱ्यात. "मला घेता येत नाही," तो म्हणाला. "ड्युटीवर काही घ्यायचं नाही असा नियम आहे."

मावशी थांबली. लोणी तिच्या मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत आलं. इतका वेळ थांबली की काप थंड झाला असणार. प्रेंटिस खाली बघत राहिला.

मग तिने तो स्वतःच्या तोंडात घातला. आता कुणीच उरलं नव्हतं. उरलेल्या चार दातांनी ती सावकाश चावत राहिली, आणि आम्ही सगळे, प्रेंटिससुद्धा, तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

गिळून झाल्यावर तिने झग्याला हात पुसले.

"आता लिही. वेंडेलला मी भरवलं, ते लिही. आणि तुलाही दिलं होतं, तू घेतलं नाहीस, तेही लिही."

मी त्याच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिले. त्याने पहिलं लिहिलं, तारीख घातली आणि वही मिटली.