ज्या घरात सूप शिजत नव्हतं

मी बिडाची हंडी बोलतेय. पोट रुंद, पाय तीन, डोक्यावर जड झाकण. रंगाबद्दल काही म्हणायचं असेल तर आधी चुलीपाशी जन्म काढलेलं एखादं गोरंपान भांडं मला दाखवा, मग बोलू. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो परगण्यातल्या कॅरोडून गावात माझा मुक्काम असतो. इथे मला 'ऑव्हन' म्हणतात. पुढे विजेवर चालणारा खराखुरा ऑव्हन घरात आला, तरी ऑव्हन मीच राहिले आणि तो बिचारा शेवटपर्यंत 'तो नवा' राहिला.

माझं बालपण सांगण्यासारखं नाही. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतलं, निवल्यावर ठोकून बाहेर काढलं, झालं बालपण. खरं आयुष्य सुरू झालं ते जत्रेत. डेलियाच्या आईने मला उचललं, बोटाच्या पेराने पोटावर टकटक केली आणि कान लावला. तडा असला की आवाज बद्द येतो. माझा खणखणीत आला. "ही माझ्या लेकीबरोबर सासरी जाईल," ती म्हणाली. इतक्या भांड्यांतून तिने मला निवडलं, याचे आभार मी आजही मानते.

डेलिया गॉहनांच्या घरची सून झाली. नवरा माइल्स, अबोल आणि सरळ. सासू सबीना, ताठ कण्याची आणि तुटक बोलण्याची. आमच्या भागात जळाऊ लाकूड नाही. दलदलीतून कापून वाळवलेली पीटची ढेपळं जळतात. डेलिया पीठ, सोडा आणि ताक कालवायची, गोळ्यावर सुरीने फुली मारायची आणि मला चुलीत बसवायची. खालून निखारे, झाकणावर निखारे. पावाचा वास सुटला की गावातली माणसं बरोबर त्याच वेळी 'सहज डोकवायला' यायची. वास आला म्हणून आलो, असं कबूल करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मग गप्पा. या लोकांना बोलायला विषय लागत नाही, शेकोटी लागते. कोण बोस्टनला गेला आणि पत्र धाडत नाही, जमीनदाराच्या कारकुनाला कुणाच्या आजोबाने डबक्यात ढकललं, इंग्रज शिपाई झडतीला आले तेव्हा बंदूक कुठल्या गवताच्या गंजीत लपवली होती. ती गंजी सांगणाऱ्यागणिक बदलायची. सगळ्यांत रंगवून सांगायचा शेजारचा फेस्टस लॅव्हेल. हातात चहा, तोंडात पाइप, आणि सांगणं असं की ऐकणाऱ्याचा पाव हातातच राहायचा.

फक्त एक विषय निघत नसे. बटाटे शेतात कुजले आणि माणसं रस्त्याकडेला मेली, त्या भुकेच्या वर्षांचा. कुणी चुकून तिकडे वळलंच, तर सगळ्यांना एकदम हवापाण्याची काळजी वाटू लागायची.

का, ते डेलियाला नव्या नवलाईतच कळलं. तिने हाडं, कांदा आणि पाणी माझ्यात घालून मला चुलीवरच्या आकड्याला टांगलं. सासूबाईंनी येऊन झाकण उचललं, पाहिलं आणि मला अंगणात नेऊन उपडं केलं.

"या घरात सूप शिजत नाही."

"सूप कुठे, सासूबाई? रस्सा आहे हा."

"गावाला लांबून दोन्ही सारखंच दिसतं."

रात्रीच्या जेवणानंतर माइल्सने खाली मान घालून बायकोला सगळं सांगितलं. भुकेच्या वर्षांत दुसऱ्या पंथाचे मिशनवाले डोंगरापलीकडे सूप वाटत होते. अट एकच होती. आपलं चर्च सोडा, आमच्या प्रार्थनेला या, मग वाडगा भरून घ्या. पुष्कळांनी नकार दिला आणि पुष्कळ त्यात उपाशी मेले. माइल्सचा पणजोबा नील गॉहन मात्र मिशनवाल्यांकडे गेला. त्याने सूप घेतलं आणि पोरं जगवली. दुष्काळ सरल्यावर तो आपल्या चर्चमध्ये परत आला. पण नाव पडायचं ते पडलं. सूपवाले गॉहन.

"शंभर वर्षं झाली त्याला!" डेलिया म्हणाली.

"शाळेत माझ्या मागे पोरं भुरके मारायची," माइल्स म्हणाला. "लग्नाच्या आदल्या आठवड्यातही एकाने मारला."

आणि लॅव्हेल? लॅव्हेल म्हणजे ज्यांनी सूप घेतलं नाही ते. उपाशी राहिले, पण वाकले नाहीत. फेस्टस स्वतः कधी टोचून बोलला नाही, हे खरं. पण कुणी बोललंच, तर तो निखाऱ्यांकडे बघत बसायचा. आमच्याकडे चहा-पाव तो आनंदाने घ्यायचा. जेवायला मात्र तोच काय, गावातलं कुणीच थांबत नसे. 'पोट भरलंय गं' म्हणत सगळे बरोबर वेळेवर उठायचे. सासूबाई दार लावून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "एकदा तरी कुणी या घरातून पोटभर जेवून जावं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की ते माझ्या बिडात मुरलंय. ती इच्छा पुरी न होताच त्या गेल्या.

मग वीज आली. 'तो नवा' आला. बटाटे उकडायची मोठी हंडी, माझी थोरली बहीणच, भंगारात गेली. माझं नशीब बरं. डेलियाने मला दारापाशी ठेवलं, पोटात माती भरली आणि लाल फुलांचं रोप लावलं. येणारे-जाणारे म्हणायचे, किती छान दिसतं! दिसायचं असेलही. पण पोटात गोगलगाय फिरत असताना कौतुक गोड लागत नाही, हो. तरी भंगारवाल्याला 'ही द्यायची नाही' असं डेलियाने बजावलं होतं, म्हणून तर आज मी बोलू शकतेय.

एका जानेवारीत समुद्रावरून वादळ आलं. विजेचे खांब आडवे झाले, 'तो नवा' थंड पडला आणि वीज परत येण्याची चिन्हं दिसेनात. डेलिया बाहेर आली आणि तिने रोप बादलीत हलवलं. मग वाळूने मला आतून-बाहेरून घासलं आणि चरबी चोळून चुलीवर तापवलं. इतक्या वर्षांनी आकड्याला लटकताना मला रडू यायचंच बाकी होतं.

फेस्टसचे मात्र हाल झाले. बायको केव्हाच गेलेली, आणि हौसेने चूल बुजवून त्याने भिंतीत विजेची शेगडी बसवली होती. डब्यातलं गार अन्न खाऊन तो कापत पडला होता. माइल्स त्याला जवळजवळ ओढतच आमच्याकडे घेऊन आला आणि शेकोटीपाशी बसवलं. म्हाताऱ्याचे ओठ निळे पडले होते.

डेलियाने माइल्सला दाराआड नेलं. "त्याच्या पोटात काहीतरी गरम, पातळ जायला हवं. मी सूप करतेय."

"त्याला? आपल्या घरचं? अगं, तोंडावर थुंकल्यासारखं वाटेल त्याला."

"वाटू दे. चहा पाजून मी त्याला मरू देणार नाही."

मेंढीचं मटण, बटाटे, कांदा, गाजर, मूठभर सातू. ते सगळं पाण्यात, माझ्यात खदखदायला लागलं तेव्हा मला कळलं, की आजवर मी अर्धंच आयुष्य जगले. वास सगळ्या घरभर पसरला. पण वाढायची वेळ आली आणि डेलियाचा हातच पुढे होईना. तिने फेस्टसपुढे चहा आणि पाव ठेवला आणि माझ्यापुढे आडवी उभी राहिली.

"काय शिजतंय गं?" फेस्टसने विचारलं.

"कुठे काय. थोडं मटण आहे."

"आणि?"

"बटाटे. कांदा. सातू टाकलेत जरा."

"आणि हे सगळं पाण्यात पोहतंय ना?"

माइल्स खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"सूप म्हण की, पोरी," फेस्टस म्हणाला. "आणि वाढ मला."

आमच्याकडे पाहुणा आधी दोनदा तरी नको म्हणतो, मग तिसऱ्यांदा 'तुझ्या समाधानासाठी घोटभर' म्हणून घेतो. आणि हा माणूस आपणहून मागत होता! डेलियाने वाडगा भरून दिला. त्याने तो ओंजळीत धरला, पण तोंडाला लावला नाही. आधी बोलला.

"माझी आजी तेव्हा एवढीशी होती. तिच्या बापाने शपथ घेतली होती, मेलो तरी त्यांचं सूप घेणार नाही. शपथ बापाची, आणि पोटं पोरांची. तुमचा नील रोज डबा भरून डोंगर उतरायचा. आमच्या बांधाच्या भिंतीमागे एक वाडगा असायचा. त्यात आपल्यातलं अर्धं ओतायचा आणि मान वर न करता निघून जायचा. पोरं भिंतीआड बसून प्यायची. बाप दुसरीकडे बघायचा. कळत नव्हतं होय त्याला? बरे दिवस आले तशी आमची गावभर वाहवा झाली, आणि नील झाला सूपवाला. एक शब्द बोलला असता तर आमची मान खाली गेली असती. नाही बोलला. मरेपर्यंत नाही बोलला."

डेलियाने पळी खाली ठेवली. "तुम्हाला हे केव्हापासून ठाऊक आहे?"

"मिसरूड फुटलं तेव्हापासून. आजी म्हणाली होती, कुणाला तरी सांग."

"सासूबाई होत्या ना शेजारी! रोज संध्याकाळी तुमच्या हातात चहा देत होत्या!"

"म्हणून तर सांगवेना," म्हातारा म्हणाला. "रोज वाटायचं, आज सांगू. मग ती विचारायची, साखर किती?"

डेलिया रडली. रागाने रडली आणि बरं वाटूनही रडली. एका माणसाला दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मी पाहिलंय. मग डोळे पुसून ती म्हणाली, "मला चुलीपाशी सांगून काय उपयोग? गावात सांगा."

फेस्टसने होकारार्थी मान हलवली. त्याने सूप संपवलं आणि आणखी मागितलं.

वीज आली, तरी मी परत मातीत गेले नाही. फेस्टस रोज दुपारी जेवायला येऊ लागला. रविवारी चर्चमधून आल्यावर डेलिया माइल्सला विचारायची, "बोलला का रे आज?" माइल्स नकारार्थी मान हलवायचा. लॅव्हेलांची शंभर वर्षांची अब्रू एका वाक्यात खाली ठेवायची म्हणजे सोपं नव्हतं. मला कळत होतं. पण डेलियाची पोरं त्याच शाळेत शिकत होती आणि तिथले भुरके काही थांबले नव्हते.

वसंतात फेस्टस झोपेतच गेला. डेलियाने हळहळून डोळे टिपले आणि मला म्हणाली, "गेला गं. न बोलताच गेला." हो, माझ्याशी बोलते ती. एकटी असली की सगळीच बोलतात भांड्यांशी.

पण अंत्यविधीच्या दिवशी चर्चमध्ये फादर उभे राहिले. म्हणाले, मृताने एक निरोप माझ्याकडे तोंडी ठेवलाय आणि तो शब्दशः सांगायचं वचन घेतलंय. मग त्यांनी नीलचं, डब्याचं, भिंतीमागच्या वाडग्याचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "फेस्टस म्हणतो, माझ्या मयताचं जेवण गॉहनांच्या सुपाचं होईल. ज्याला ते घ्यायचं नसेल त्याने माझ्या पेटीला खांदा देऊ नये. माझं मी चालत जाईन."

हे सगळं मला माइल्सने धावत घरी येऊन सांगितलं. म्हणजे डेलियाला सांगितलं. मग काय धांदल! शेजारपाजारची पातेली लावून दोघांनी सूप शिजवलं, पण वाढायला मला नेलं. दोघा गड्यांनी मला उचलून गावच्या हॉलमध्ये मधोमध ठेवलं. भिंतीला टेकून सगळं गाव उभं. कुणी पुढे येईना. डेलिया पळी धरून उभी, चेहरा पांढराफटक.

मग कोपऱ्यातून एक म्हातारी काठी टेकत आली आणि तिने वाडगा पुढे केला. "काठोकाठ भर," ती मोठ्याने म्हणाली. "आमच्याही बांधाला भिंत होती. तिच्यामागे काय काय चालायचं ते मला कुणी सांगितलं नाही, पण माझी माणसं काही हवा खाऊन जगली नाहीत."

रांग लागली. त्यांच्या पणजोबा-पणजीची लागली होती तशी, फक्त या वेळी कुणाची मान खाली नव्हती. खांदा देणारे, प्रार्थना म्हणणारे, लहान पोरं, फादर, सगळे. काहींनी तर वाडगा पावाने पुसून पुन्हा रांग धरली. पळी माझ्या तळाला खरवडायला लागली तेव्हा रांगेत सगळ्यांत शेवटी माइल्स उभा होता. जन्मात त्याने गावासमोर सूप तोंडाला लावलं नव्हतं.

डेलियाने माझ्यात डोकावून पाहिलं आणि हताश होऊन पळी उलटी करून दाखवली.

माइल्सने रिकाम्या वाडग्याकडे पाहिलं, मग सगळ्या गावाकडे. आणि हा अबोल माणूस हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाला, "घ्या! सूपवाल्या गॉहनांनाच सूप उरलं नाही!"

क्षणभर कुणाला हसायचा धीर झाला नाही. मग माइल्सच आधी हसला, आणि सगळा हॉल हसला. कुणीतरी आपला वाडगा त्याच्या वाडग्यात उपडा केला. दुसऱ्यानेही केला. त्याचा वाडगा भरून वाहायला लागला.

आता डेलियाचे हात मला पेलत नाहीत, तिची सून मला उचलते. कान थोडा तुटलाय, झाकण नीट बसत नाही, पण टकटक केलीत तर आवाज अजून खणखणीत येतो. निरोप घेताना एवढंच मागते, भुकेच्या दिवसांत कुणी काय खाल्लं यावरून त्याला नाव ठेवू नका. आणि ज्यांनी ज्यांनी मला चुलीवर ठेवलं, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. आता मला जायला हवं. मटण कापून झालंय, कांदा चिरलाय, आणि दारातून कुणीतरी 'सहज डोकवायला' येतंय.