किसनरावांचं कडवं आणि रुईच्या भिंती

सिंदीतल्या ताराचंदच्या स्टुडिओत आवाज घुमत नसे, कारण त्याच्या भिंती कापसाच्या होत्या. खरंच. ताराचंदचं जिनिंग, म्हणजे सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. गोदामाच्या एका कोपऱ्यात त्यानं रुईच्या गाठी डोक्याच्या वर रचल्या, मधोमध माईक टांगला आणि बाहेर बोर्ड ठोकला. आत कोणी शिंकलं तर शिंक तिथल्या तिथं मरायची. अश्वजितला त्या भिंती इतक्या आवडल्या की हा विकायचा माल आहे हेच तो विसरला. ताराचंद मात्र विसरला नव्हता.

अश्वजितचं गाणं साधंच होतं. एक माणूस स्टेशनवर एका बाईची वाट पाहतो. पहिली कडवी जवानीची, ती अश्वजित स्वतः गाणार. शेवटचं कडवं त्याच माणसाच्या म्हातारपणाचं, ते त्याच्या बाबांनी गायचं. बाबा म्हणजे किसनराव. जन्मभर गावोगावी भीमगीतं गाऊन त्यांनी रात्ररात्र मंडप जागवले होते. आता त्यांच्या गळ्यात कॅन्सर निघाला होता, आणि सोमवारी ऑपरेशन होतं. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, जीव राहील, आवाज राहणार नाही.

"प्रेमाचं गाणं?" किसनराव म्हणाले. "लोकं म्हणतीन, म्हातारा चळला."

"म्हणू द्या," भाजी निवडता निवडता त्यांची बायको कमला म्हणाली. "जगाले गाऊन दाखवलं तुम्ही. घरात निसते खोकले."

किसनरावांनी उठून इस्त्रीचा शर्ट घातला.

पण अश्वजितची कडवी रेकॉर्ड झाली, दुसऱ्या दिवशी रुईचा भाव चढला, आणि शनिवारी बापलेक गोदामात पोचले तर स्टुडिओच नव्हता. माईक तेवढा हवेत लटकत होता, फाशी दिल्यासारखा.

"भिंती कुठं गेल्या, ताराचंदभाऊ?"

"विकल्या ना बे. भाव पाह्यला का तू?"

"अन् रेकॉर्डिंग?"

"इथंच गाऊ दे. एक ओळ गायली का चार आयकू येते. फायदाच हाय."

किसनरावांनी तोंड उघडलं तशी त्या रिकाम्या गोदामात पाच किसनराव एकमेकांच्या मागे धावायला लागले. सहावी आली बाहेरून जाणारी मालगाडी. मग ताराचंदनं चौकीदाराची गादी आणून त्यांच्या डोक्यावर घातली. गादीच्या आतून ओळीऐवजी खोकला आला.

"मारतं का रे मले ऑपरेशनच्या आधी?" गादी फेकून किसनराव म्हणाले.

सोमवार तोंडावर आला होता. "गाठींचा ट्रक निघाला का जी?" अश्वजितनं ताराचंदला विचारलं.

"काट्यावर लायनीत उभा असन."

म्हणजे गाणं सोडून बापलेक भिंतींच्या मागे लागले. वजनकाट्याजवळ ट्रक सापडला. ड्रायव्हरला काय सांगावं ते अश्वजितला सुचेना. "माल का आवाज चेक करना है," तो म्हणाला.

"रुई बोलती है क्या?" ड्रायव्हरनं विचारलं. पण म्हातारा शिडी चढायला लागलाच होता.

दोन गाठींच्या फटीत किसनराव बसले. अश्वजितनं मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. वर ऊन, आत शांतता. किसनराव गायले:

"गाड्या आल्या, गाड्या गेल्या, उभ्या उभ्या केस पिकले,
तुह्या डब्याची वाट पाहता डोळे माहे फाटक झाले."

आवाज घोगरा, वरच्या सुरावर फाटलेला. तो त्यांनी लपवला नाही. मधेच थांबून हळूच म्हणाले, "कमला आयकन का रे हे?" आणि शेवटची ओळ उचलली. नेमका तेव्हाच ट्रक मागे सरकला आणि खालून क्लीनर ओरडला, "आने दे, आने दे, आने दे... बस!"

"पुन्हा घेऊ," किसनराव म्हणाले. पण त्यांना जो खोकला लागला तो घरी पोचेपर्यंत थांबला नाही. सोमवारी आवाज गेला.

किसनराव दवाखान्यात असताना ताराचंदनं अश्वजितकडून घेतलेलं ते रेकॉर्डिंग कॉम्प्युटरच्या मशीनवर साफ केलं. मशीनला खरखर म्हणजे कचरा. तिनं किसनराव काढून टाकले आणि क्लीनर ठेवला.

"हा पोरगा चांगला गाते," ताराचंद म्हणाला.

मग त्याला दुसरी युक्ती सुचली. किसनरावांच्या जुन्या कॅसेटवरून मशीननं त्यांचा आवाज शिकला आणि ते कडवं गाऊन दिलं. गोल, गोड, पंचविशीचा आवाज. अश्वजितला कसंतरीच झालं. गाण्यातला माणूस म्हातारा होता होता अचानक पोरापेक्षा जवान झाला होता.

किसनराव घरी आल्यावर अश्वजितनं त्यांना दोन्ही आवाज ऐकवले. ट्रकमधला लागला तशी किसनरावांनी मान फिरवली. मशीनचा लागला आणि त्यांचे डोळे चमकले. बोट वर केलं, पुन्हा. अजून पुन्हा. मग छातीवर हात मारला, हाच.

गाणं यूट्यूबवर आलं. तळेगावपासून पवनारपर्यंतचे जुने ऐकणारे घरी यायला लागले. "किसनराव, आवाज तर जवान झाला बा!" त्यांच्यातले भैयाजी म्हणाले. गळ्याला रुमाल बांधलेले किसनराव खुर्चीत बसून मान डोलवत होते. अश्वजित चहाचे कप उचलत होता. ह्या घरात बारसं आहे की तेरवी, त्याला कळेना.

पाहुणे गेल्यावर किसनरावांनी त्याचा मोबाइल मागितला. ट्रकमधलं रेकॉर्डिंग काढलं आणि तळहातावर दुसरा तळहात घासला. पुस.

"बाबा, हाच खरा तुमचा हाय. ताराचंदभाऊनं त्याच्याकडचा साफ करून टाकला. हा गेला तर काईच राहत नाई."

किसनरावांनी पुन्हा तळहात घासला. डोळ्यांत पाणी होतं, पण हात थांबत नव्हता. जन्मभर सुरात गायलेल्या माणसाला जगात आपला फाटका आवाज मागे ठेवायचा नव्हता. अश्वजितनं त्यांच्यासमोर बटण दाबलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून फोडणीच्या आवाजात तेच कडवं आलं. घोगरं, फाटलेलं. "कमला आयकन का रे हे?"

किसनराव ताडकन उठले. अश्वजित मागे धावला. ट्रकवरून उतरल्या उतरल्या आपण हे आईच्या मोबाइलवर पाठवलं होतं, ते त्याला आत्ता आठवलं. ज्या माणसाच्या एका हाकेनं मंडप गप्प व्हायचा, तो दाराच्या चौकटीवर थापा मारत होता. कमलानं मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी हात पुढे केला तसा तिनं मोबाइल पदराखाली घेतला.

"हा माहा हाय जी," ती म्हणाली. "तुमचा तुम्ही यूट्यूबवर आयका."

किसनरावांचा हात तसाच पुढे राहिला. तो धरावा की आईचा मोबाइल वाचवावा, हे अश्वजितचं ठरेपर्यंत तिनं कडवं पुन्हा पहिल्यापासून लावलं होतं.