विषयपत्रिकेतला आठवा मुद्दा

उल्हासला अध्यक्ष व्हायचं होतं. कशाचाही चाललं असतं. सिडनीतल्या गिरावीनच्या मराठी मंडळात भास्कररावांनी त्याला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लागोपाठ तीनदा पाडलं होतं आणि ते त्याला अजून पचलं नव्हतं.

मग लॉकडाऊन आला. क्रिकेट बंद, फूटी म्हणजे इथला रग्बी, तोही बंद. जगात फुटबॉल चालू होता तो चारपाच देशांत, त्यातला एक बुरुंडी. हे त्याला सांगितलं शेजारच्या निकोडेमने. हा मूळचा बुरुंडीचा, पॅरामॅटाला बस चालवायचा. त्याचा धाकटा भाऊ तिकडे एका क्लबचा गोलकीपर. आठवडाभर शिवणकाम करायचा नि शनिवारी गोलमध्ये उभा राहायचा. तिकीट नसलेले लोक झाडांवर चढून मॅच बघतात, बाकीचे रेडिओला कान लावतात, असं निकोडेम रंगून सांगायचा. उल्हासने त्यातून एवढंच घेतलं, की या क्लबला सिडनीत फॅन क्लब नाही. म्हणजे अध्यक्षही नाही!

आठवड्यात घटना, लोगो, दोन उपाध्यक्ष आणि सल्लागार समिती तयार. बुरुंडी नकाशात कुठे आहे, हे मात्र सचिवांना शेवटपर्यंत सापडलं नाही.

उद्घाटन शनिवारी संध्याकाळी सहाला, झूमवर. तिकडे तेव्हा सकाळची मॅच. निकोडेम प्रमुख पाहुणा. त्याचा चुलतभाऊ मैदानातून फोनवर मीटिंगला येणार आणि सगळ्यांना मॅच दाखवणार, असं ठरलं. सात वर्षांत निकोडेमने भावाला खेळताना पाहिलं नव्हतं. बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून दहा मिनिटं आधीच येऊन बसला.

दीपप्रज्वलन झालं, तेही चार घरांतून वेगवेगळं. मग गणेशवंदना, प्रास्ताविक, परिचय, सल्लागारांचं मनोगत. चुलतभाऊ सहालाच वेटिंग रूममध्ये हजर होता. त्याचं नाव उल्हासला स्क्रीनवर दिसत होतं. निकोडेमने दोनदा हात वर केला, तेव्हा उल्हासने त्याला हसून नमस्कार केला. शेजारी बसलेली त्याची बायको विनीता दात आवळून म्हणाली, आत घे ना रे त्या माणसाला. मॅच हा आठवा मुद्दा आहे, असं बजावून उल्हास आपल्या अध्यक्षीय भाषणाकडे वळला. फुटबॉल आणि मराठी अस्मिता यावर तो चाळीस मिनिटं बोलला.

आठवा मुद्दा आला तेव्हा आठ वाजून गेले होते. उल्हासने ऐटीत चुलतभावाला आत घेतलं. स्क्रीनवर रिकामं मैदान. दोन माणसं नेट सोडवत होती. चुलतभाऊ त्यांच्या भाषेत काहीतरी भराभर सांगत होता, आणि ऐकता ऐकता निकोडेमने चष्मा काढला.

"दोन पेनल्टी अडवल्या त्याने," तो म्हणाला. "लोकांनी खांद्यावर घेऊन फिरवला. तुमचं भाषण चालू होतं, म्हणून मी मध्ये बोललो नाही."

एवढं बोलून तो मीटिंगमधून निघून गेला.

तेवढ्यात, आमंत्रितांत बसलेल्या भास्कररावांनी माइक चालू केला. ते मनापासून खूश दिसत होते.

"अध्यक्षमहोदय," ते म्हणाले, "कार्यक्रम अगदी आपल्या मंडळासारखा झाला हो."