वरच्या न्हाणीघरातला नळ

सगळी गल्ली तिला आत्या म्हणायची. तिच्या हाताखाली काम दोनदा करावं लागे, एकदा आपल्या मनाने आणि एकदा तिच्या. दर हिवाळ्यात, गावात बर्फ पडायच्या आत, ती थोरल्या मुलाकडे राहायला जायची, आणि जाण्याआधी घर असं आवरायची की उंदरानेही उपाशी परत फिरावं. यंदा तर थोरला स्वतःच म्हणाला होता की माळाही रिकामा कर, भिंती पूस, जुनंपानं ठेवू नकोस. उशिरा का होईना पोराला अक्कल आली, म्हणून आत्या खूश झाली.

डबे घासून पालथे घातले. पीठ-मीठ शेजारणीला दिलं, वर तुझ्या डब्यांना बुरशी असते हेही ऐकवलं. फ्रिज पुसून दार उघडं राहावं म्हणून फटीत लाटणं अडकवलं, नाहीतर आत कुबट वास धरतो. डांबरगोळ्या घालून रजया बांधल्या, तर थोरल्याने त्या गाडीत नेऊन टाकल्या. तुझी बायको अजून माहेरचंच पांघरते का रे, असं तिने विचारलं. तो हसला नाही. शेगडीच्या धुराड्यात फडकी कोंबत राहिला.

राहिलं पाणी. ते नळात राहिलं तर गोठून नळ फुटतात, म्हणून काढूनच जायचं. हे काम पूर्वी आत्या आणि तिचा नवरा जोडीने करत. तो तळघरात मुख्य कॉक बंद करायचा, ही वरच्या न्हाणीघरात नळ सोडून उभी राहायची. धार बारीक होऊन नळ गुळण्या करायला लागला की ओरडायची, "गेलं!" खालून तो म्हणायचा, "येईल परत!" तो गेल्यापासून कॉक थोरल्याकडे आला. पण ते उत्तर त्याने कधी दिलं नाही.

आत्या नळ सोडून उभी राहिली. धार काही बारीक होईना. झोपलास का खाली, म्हणून हाक मारली. कठडा धरत ती खाली आली. थोरला तळघराच्या पायरीवर बसला होता, कॉकला हातही न लावता.

"पाणी राहू दे, आई. परवा माणसं यायचीत."

"रिकाम्या घरात?"

"घर घ्यायला. बर्फ पडायच्या आत उरकायचंय."

माळा का, भिंती का, ते आत्ता तिच्या डोक्यात शिरलं. गिऱ्हाइकासाठी घर तिनेच लख्ख करून दिलं होतं. नवऱ्याने ते थोरल्याच्या नावावर केलंय हे तिला ठाऊक होतं, पण निदान विचारेल, एवढं ती धरून चालली होती. मग तिने त्याला असं काही सुनावलं की त्याने मान वर केली नाही.

"मी नाही येत. तू जा," म्हणून ती चादर घातलेल्या खुर्चीत बसली.

थोरला गाडीत जाऊन बसला. आत्या उठली. कपाट उघडलं, रिकामं. डबे उलटे. पलंगावर नुसत्या फळ्या. शेगडी पेटवावी तर धुराडं बंद. मिठाचा खडासुद्धा नव्हता. माझ्यासारखं घर कुणी आवरून दाखवा, असं ती जन्मभर सांगत आली होती, आणि ते खरंच होतं. तिने स्वतःपुरतंही काही मागे ठेवलं नव्हतं.

वर नळ वाहत होता. गुडघ्यावर हात देत ती पुन्हा जिना चढली. मग खाली येऊन गाडीत बसली. घराकडे पाहिलं नाही.

एवढा वेळ काय करत होतीस, असं थोरल्याने विचारलं.

"नळ बंद केला," आत्या म्हणाली. "लोकांच्या घरचं पाणी आपण कशाला सांडायचं?"