अडकणारा खण

मित्रांनो, दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगून टाकते. माझा सगळ्यात खालचा खण अडकतो. एका हाताने तो उघडतच नाही. पाय टेकवून, दात-ओठ खाऊन दोन्ही हातांनी ओढावा लागतो. त्यावरून मी जन्मभर बोलणी खाल्ली. पण आज मला सगळ्यात जास्त अभिमान आहे तो त्याच खणाचा.

मी बटणांची लाकडी पेटी. दोन बहिणींनी शिवणाचं दुकान काढलं, तेव्हा त्यांच्या सुतार मामांनी मला घडवलं. मामांच्या हातात कला होती, पण स्वभाव भारी घायकुता! खालच्या खणाचं लाकूड पुरतं वाळलेलंसुद्धा नव्हतं. "वापरून वापरून होईल गं सैल," म्हणाले, चहा प्यायले आणि निघून गेले. तो खण काही सैल झाला नाही.

बाकी माझं कौतुक काय वर्णावं! थोरली बहीण कापड कापायची, धाकटी शिवायची आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची. कुणी कोटाचं एकुलतं एक बटण घेऊन आलं, की थोरली न बघताच माझ्या खणात हात घालायची आणि चिमटीत त्याचा जोडीदार घेऊन बाहेर काढायची. "पेटी आहे की जादू!" गिऱ्हाईक म्हणायचं. जादू थोरलीच्या बोटांत होती, पण ते मी कशाला सांगत बसू? मी आपली फुगून बसायची.

एकदा मात्र आमची चांगलीच फजिती झाली. शाळेच्या शर्टांची मोठी ऑर्डर होती. एकाच व्यापाऱ्यावर विसंबायला नको म्हणून थोरलीने पांढरी बटणं चौघांकडून घेतली. शर्ट घरोघरी गेले, आणि पहिल्याच इस्त्रीला चौघांचीही बटणं वितळली. व्यापारी चार होते, पण चौघेही माल उचलायचे एकाच कारखान्यातून. बहिणींनी प्रत्येक शर्टाची बटणं पुन्हा लावून दिली, तीही फुकटात. त्या दिवसांत दुकानात कुणी हसलं नाही.

पुढे थोरलीची नजर अधू झाली. आधी सुईत दोरा ओवता येईना, मग कापडावरची खडूची रेघ दिसेना. शेवटी दुकान विकलं. मशिनं दुसऱ्यांकडे गेली आणि मी बहिणींच्या घरी, जेवणाच्या टेबलाशेजारी येऊन बसले. माझ्या डोक्यावर फुलदाणी ठेवली. महिनोन् महिने एकही खण कुणी उघडला नाही. मला फार एकटं वाटायचं हो.

बहिणींची चिंता वेगळीच होती. दुकानाचे आलेले पैसे, तेवढेच काय ते हाताशी. पेन्शन नाही, घरात कमावणारं कुणी नाही. दोघींचं उरलेलं सगळं आयुष्य त्यावर निघायचं होतं.

"बँकेत पडू दे. हात लावू नकोस," थोरली म्हणायची.

"अगं ताई, नुसते पडून राहिले तर महागाईच गिळेल त्यांना!" धाकटी म्हणायची.

आणि एक दिवस धाकटीने वाचनालयातल्या गुंतवणुकीच्या वर्गात नाव घातलं. "या वयात शाळा?" थोरलीने नाक मुरडलं. "मग कुठल्या वयात जाऊ? पैसे तर आत्ता आलेत!"

पहिला धडा आटोपून ती आली ती थेट फडकं घेऊन माझ्याकडेच. "ताई, मॅडम म्हणतात, पैसे कुठे ठेवायचे ते नंतर बघा. आधी ते कधी लागणार ते ठरवा." तिने माझा खण न् खण पुसला. एकेक बटण म्हणजे ठरावीक रक्कम असं धरून वरच्या खणात या आणि पुढच्या वर्षाची बटणं टाकली, म्हणजे वाणसामान, औषधं, विजेचं बिल. मधल्या खणांत त्यानंतरच्या काही वर्षांची. ते पैसे मुदतीच्या ठेवीत आणि रोख्यांत राहणार होते. आणि खालच्या खणात दहा वर्षं न लागणारी.

"ते शेअर बाजारात," धाकटी म्हणाली. "वर-खाली होणार. खात्री कुणीच देत नाही. पण वेळ दिला तर वाढायची आशा तिथेच जास्त."

"पण तो खण अडकतो."

"म्हणून तर तो निवडला!"

मित्रांनो, माझा कानांवर विश्वासच बसेना.

थोरलीने एक अट घातली. "मला कागद वाचता येत नाहीत. काय करशील ते आधी बटणांत करून दाखव. बटण हललं नाही तर पैसाही हलायचा नाही." धाकटीने ते कबूल केलं.

खालच्या खणासाठी धाकटीने चार म्युच्युअल फंड निवडले. सगळी अंडी एका टोपलीत नकोत, एवढं ती शिकली होती, म्हणून नावं चार, चालवणारेही चार. अर्जावर सही करून तो टेबलावर तयार ठेवला. उरला फक्त मॅडमचा गृहपाठ. प्रत्येक फंडाने कुठल्या कंपन्यांत पैसे घातलेत ते बघायचं होतं. तिने चार वाट्या मांडल्या. एक कंपनी म्हणजे एका जातीचं बटण, असं ठरवून ती यादी वाचत वाट्या भरू लागली.

"ताई, पितळी बटणं संपली. आणखी आहेत का कुठे?"

"पितळी? इतकी कशाला लागतात तुला?" थोरली जवळ आली. तिने पहिल्या वाटीत बोटं घातली, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वाटीत. "हे पितळी. हे चार भोकांचं. हे शिंपल्याचं. अगं, चारही वाट्यांत तीच तीच बटणं आहेत की!" आणि मग एकदम ओरडली, "शाळेचे शर्ट!"

धाकटीने यादी पुन्हा ताडून पाहिली. चारही फंड त्याच मोजक्या कंपन्यांत पैसे घालत होते. त्या कंपन्या बसल्या असत्या तर चारही एकदम बसले असते. तिने अर्ज टराटरा फाडला. मग आठवडाभर खपून दोघींनी नवी निवड केली. या खेपेला वाट्यांत निरनिराळी बटणं पडली, तेव्हा कुठे थोरलीने मान डोलावली.

तीन वर्षांनी बाजार कोसळला. शेजारी सगळे शेअर विकून मोकळे झाले, आणि एक भाचा होता त्याचेही "विका" म्हणून फोनवर फोन. धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. "सगळं काढून घेते!" म्हणत ती माझ्याकडे धावली. आधी बटण हलवायचं ठरलेलं होतं ना! तिने खालचा खण ओढला. मी हलले, पण खण हलेना. तिने पाय टेकवून हिसका दिला, तशी माझ्या डोक्यावरची फुलदाणी खाली पडली आणि पाणी सगळ्या फरशीवर पसरलं.

आवाजाने थोरली आली. "कुठला खण ओढतेस?"

"खालचा."

"तो कधी उघडायचं ठरलं होतं?"

"अजून... सात वर्षांनी."

"वरच्या खणात महिन्याचं आहे ना?"

"आहे."

"मग फरशी पूस आणि चहा टाक."

माझा जीव भांड्यात पडला. बाजार सावरायला बराच वेळ लागला. तोवर दोघी वरच्या आणि मधल्या खणांवर जगल्या, आणि चांगल्या पोटभर जगल्या.

परवा दहा वर्षं पूर्ण झाली. दोघी जमिनीवर बसल्या, एकीने मला धरलं, दुसरीने पाय टेकवून खण ओढला. तो किंचाळतच उघडला आणि दोघी हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. आतली मूठभर बटणं त्यांनी वरच्या खणात टाकली आणि खण पुन्हा ढकलून बंद केला. आता पुढच्या वर्षांचीही काळजी नाही.

दार दुरुस्त करायला आलेला सुतार हे बघत होता. "आजी, रंधा मारून देऊ का? लोण्यासारखा सरकेल बघा."

थोरलीने खणावर तळहात ठेवला. "घरात काय हवं ते दुरुस्त कर. याला हात लावलास तर बघ!"

तर मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू जपा. त्यांची धूळ पुसा, त्यांना वाळवीपासून वाचवा, अधूनमधून विचारपूस करा. मलाही पॉलिश केलंत तर आवडेल, मी नको म्हणणार नाही. पण एवढी एक विनंती आहे, माझ्या खालच्या खणाला मेण लावू नका. तो अडकू दे.