खारूताईचा दाखला

मानवी स्वातंत्र्याचा इतिहास जेव्हा केव्हा लिहिला जाईल, तेव्हा त्यातलं एक मोलाचं पान फ्रीजच्या मागे सापडेल. इतिहासकारानं फ्रीज सरकवताना जरा बेतानं घ्यावं. त्याचा एक पाय मोडका असून खाली लाकडाचा ठोकळा आहे, आणि पानाच्या शेजारीच झुरळांचं औषध आहे.

तर त्या फ्रीजमागे जेवणाच्या डब्याएवढं एक काळं यंत्र नऊ वर्षं हिरवा दिवा लुकलुकवत बसलं होतं. मालक वीज खात्यातून निवृत्त झालेले मीटर रीडर. इमारतीत त्यांना मीटरकाका म्हणत. खरं नाव फक्त त्यांच्या वीजबिलावर होतं, आणि ते बिल तेच वाचत. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरात शिरून आकडे टिपले. दार उघडणारा माणूस बोटानं मीटर दाखवी आणि आत निघून जाई. निवृत्तीनंतर एवढाच फरक पडला, की दारंही उघडेनाशी झाली.

यंत्राचं काम सांगायला सोपं आहे. जगभरातल्या काही हजार हौशी लोकांनी मिळून एक जाळं विणलं होतं. ज्याला आपलं नावगाव कळू न देता काही पाठवायचं असेल, त्याचा मजकूर या जाळ्यातल्या तीन अनोळखी यंत्रांतून हातोहात जाई. पहिल्याला कोणी दिलं ते ठाऊक, शेवटच्याला कुठं द्यायचं ते ठाऊक. दोन्ही टोकं कोणालाच ठाऊक नाहीत. मीटरकाकांचं यंत्र शेवटच्या रांगेतलं. म्हणजे जगाच्या दृष्टीनं मजकूर निघायचा तो त्यांच्या फ्रीजमागून. नवऱ्याच्या माराला कंटाळून वकील शोधणारी बाई, साहेबाचं बिंग फोडणारा कारकून आणि, खोटं कशाला बोला, दोनचार चोरही तिथून जात असणार. रस्ता बांधणाऱ्यानं चालणाऱ्याला नाव विचारू नये, एवढंच तत्त्वज्ञान काकांकडे होतं. ते ऐकून घ्यायला घरात कोणी नव्हतं.

आपला खारीचा वाटा म्हणून त्यांनी जाळ्यात नाव घेतलं होतं ‘खारूताई’. तिथल्या मंडळींनी साहजिकच समजूत करून घेतली, की या कोणी बाई आहेत. चूक दुरुस्त करायची पहिल्या आठवड्यात राहून गेली. पुढं एकदा कोणी तरी लिहिलं, ‘ताई, काल तुमचं यंत्र तासभर बंद होतं, बऱ्या आहात ना?’ त्यानंतर ती दुरुस्त करावीशी वाटली नाही.

मंगळवारी सकाळी साडेदहाला सायबर शाखेचे चार पोलिस आले. एका कारखान्याचं विषारी पाणी नदीत कसं सोडतात याचे कागद वर्तमानपत्राकडे गेले होते. पाण्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. कागद चोरल्याची तक्रार मालकानं केली होती, आणि माग फ्रीजपर्यंत पोचला होता. साहेबांनी डबा पाहिला आणि बाकीचं कुठं आहे म्हणून विचारलं. बाकीचं काही नव्हतं. काकांनी चहा केला. घरात कप दोनच, म्हणून पोलिस दोन पाळ्यांत चहा प्यायले.

“घरात आणखी कोण असतं?” साहेबांनी विचारलं.

“कोणी नाही.”

“येणंजाणं कोणाचं?”

“आज तुमचं.”

यंत्रातून कोण गेलं याची नोंद मागितली, तेव्हा काकांनी सांगितलं की नोंद ठेवतच नाही. एकतीस वर्षं ठेवली, तेवढी पुरे. साहेबांना हे उत्तर उद्धट वाटलं. ते खरं होतं, पण खरं असल्याचा पुरावा नोंदीनंच दिला असता. शेजारच्या दोघांना साक्षीदार म्हणून बोलावलं. दोघांनीही या गृहस्थांना आपण नीटसं ओळखत नाही अशी सही केली. डबा, संगणक आणि फोन जप्त झाला. शिवाय रक्तदाब मोजायचं यंत्रही, कारण त्याला वायर होती आणि त्यात आकडे साठवलेले होते.

आठदहा दिवसांत सगळं परत मिळेल, तोवर कोणाशी बोलू नका, असं बजावून साहेब निघाले. न बोलण्याचा काकांना चांगला सराव होता. पण जिना उतरताना साहेब हाताखालच्याला म्हणाले ते त्यांच्या कानावर पडलं. शाखेत नेऊन हेच पुन्हा चालू करू, काय काय गळाला लागतंय ते बघू.

काका दार लावून फ्रीजमागे बघत उभे राहिले. धुळीत एक स्वच्छ चौकोन उरला होता.

यंत्र त्याच नावानं शाखेत सुरू झालं, तर जाळं त्याला खारूताईच समजणार. कारखान्याचे कागद फोडणाऱ्या कारकुनानं आणखी कागद धाडले, तर ते पोलिसांच्या टेबलावरून जाणार, आणि लिहिताना बापड्यानं एखादी खूण सोडली असली की संपलंच. यावर उपाय होता. नुसत्या शब्दावर जाळ्यात कोणी विश्वास ठेवत नसे, कारण खारूताई बनून पोलिसही लिहू शकतात. म्हणून प्रत्येकानं आधीच एक मरणपत्र काढून ठेवायचं: चारशे अक्षरांची अगम्य माळ. ती कोणीही पाठवली तरी चालते. पोचली, की जगातली सगळी यंत्रं त्या नावाशी बोलणं टाकतात. कायमचं. मेलेलं नाव परत उठत नाही.

मरणपत्र पाठवल्यावर डबा परत आला असता, पण नुसता डबा. नवं नाव, नवा माणूस, ज्याला वर्षभर कोणी जवळ करत नाही. ताई म्हणून हाक मारणारं कोणी उरलं नसतं. गप्प बसलं, तर कदाचित काहीच बिघडलं नसतं. ज्या साहेबानं रक्तदाबाचं यंत्र जप्त केलं, त्याला हे चालू करता येईलच असं थोडंच आहे? काकांनी ही बाजू स्वतःपुढं फार हुशारीनं मांडली. ती त्यांना जवळजवळ पटली. मग त्यांनी चपला घातल्या.

मरणपत्र अक्काकडे होतं. अक्का म्हणजे थोरली बहीण. जन्ममृत्यू नोंदणीच्या कार्यालयात तेहतीस वर्षं दाखले देऊन निवृत्त झालेली. कागद कसा सांभाळावा हे घराण्यात फक्त तिला कळे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जायचं. काका चार वर्षांत गेले नव्हते. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवायला तरी कोणी मध्ये पडलं असतं.

अक्कानं दार उघडलं, काठी टेकत खुर्चीत बसली आणि सगळं ऐकून घेतलं. मग उठून दोन मिनिटांत कपाटातून पाकीट काढलं, चष्मा लावला आणि वरचा मजकूर मोठ्यानं वाचला. हे पाकीट कोणालाही देऊ नये. मी स्वतः मागितलं तरी, मी मीच असून कोणाच्या सांगण्यावरून आलेलो नाही, अशी खात्री पटल्याशिवाय देऊ नये.

“अक्षर तुझंच आहे,” ती म्हणाली.

“मग दे की.”

“अक्षर तुझं आहे. तू तूच आहेस का, ते बघायचंय.” आणि पाकीट खाली ठेवून ती त्यावर बसली.

काकांनी चेहऱ्याकडे बघ म्हणून सुचवलं. चेहऱ्याचं तिला कौतुक नव्हतं. स्वतःच्याच मृत्यूचा दाखला न्यायला आलेली तीन माणसं तिनं नोकरीत पाहिली होती, आणि तिघांचेही चेहरे ओळखीचे होते.

“माझ्या कुठल्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं?” तिनं विचारलं.

ऑपरेशन झालं हेच काकांना नवीन होतं. त्यांनी काठीकडे पाहिलं. काठी उजव्या हातात होती. काठी दुखऱ्या बाजूला धरतात की दुसऱ्या, हे आयुष्यात कधी लक्ष देऊन पाहिलं नव्हतं.

“उजव्या.”

“दोन्ही,” अक्का म्हणाली. “एक दोन वर्षांपूर्वी, एक गेल्या वर्षी.”

 काका उठले आणि दाराच्या कडीला हात घातला.

“बस खाली,” ती म्हणाली. “पोलिसांनी पाठवलेला माणूस चौकशी करून आला असता. त्याला दोन्ही गुडघे, डॉक्टरचं नाव, टाके किती, सगळं पाठ असतं. काहीएक न विचारता येणारा जगात तूच.”

तिनं पाकीट काढून दिलं. ते गरम झालं होतं.

काकांचा फोन पोलिसांकडे, म्हणून अक्काचा फोन घेतला. तिनं कागदावरचं एकेक अक्षर वाचायचं, त्यांनी टिपायचं. पहिल्या खेपेला शेवटी एक अक्षर कमी भरलं. आपल्या हातून कोणाचं मरण चुकीच्या नोंदीसाठी कधी परत आलेलं नाही, असं सांगून अक्कानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, प्रत्येक अक्षराखाली बोट धरून. निम्म्यात, कागदाच्या कोपऱ्यातल्या नावाशी ती थांबली.

“ही खारूताई कोण रे?”

“मीच.”

“वय?”

“नऊ.”

“मागे कोण आहे?”

काकांचा अंगठा थांबला. “कोणी नाही.”

“तसा रकाना नसतो,” अक्का म्हणाली, आणि तिनं पुढचं अक्षर वाचलं.

सव्वाचारला मरणपत्र गेलं. दहा मिनिटं काही झालं नाही. मग एकाचं उत्तर आलं: नोंद घेतली. यादीतून नाव निघालं. वरचं नाव आणि खालचं नाव एकमेकांना चिकटली, मधे जागा राहिली नाही. कारकून, जो कोणी असेल तो, निदान या वाटेनं आता सापडणार नव्हता, आणि त्याला हे कधी कळणारही नव्हतं. आणखी एक ओळ आली, कधी न ऐकलेल्या नावाची. ‘ताई गेल्या का? कधी भेट झाली नाही. यंत्र मात्र कायम चालू असायचं.’

काकांनी ती तीनदा वाचली. ताई आहे, बरी आहे, बहिणीकडे बसली आहे, असं लिहावंसं वाटलं. पण मेलेल्या नावानं आलेलं काहीही खरं मानायचं नाही, असा नियम होता. तो सर्वांच्या संमतीनं झाला होता, आणि त्यात एक संमती खारूताईची होती.

त्यांनी लिहिण्याची चौकट बंद केली, पण फोन खाली ठेवला नाही.

“झालं का?” अक्कानं विचारलं.

“झालं.”

“मग तो हातात आहेच, तर त्यातली अक्षरं जरा मोठी करून दे.”