पुढची ओळ

"धनी, लापशी निवतेय," फर्कर म्हणाला, तशी चुलीपाशी बसलेली मार्सली हसली.

"धनी कुठला रे इथं? एका अंगावर प्यायलात दोघं. लढाईतला थाट उंबऱ्याबाहेर ठेव."

टॉर्क्विलही हसला. खोऱ्याचा तो लॉर्ड आणि सेनापती. पण डोंगरातल्या रिवाजाप्रमाणे त्याचं बालपण या दाईच्या, मार्सलीच्या झोपडीत गेलं होतं. तिचा मुलगा फर्कर त्याचा दूधभाऊ. रणात तो त्याला धनी म्हणे, या छपराखाली कधीच नाही. राजाशी लढताना फौज मोडली, खांद्यात गोळी घेऊन टॉर्क्विल काल इथं लपायला आला, तेव्हापासून मात्र फर्करच्या तोंडी धनीच होतं. आणि तो नजरेला नजर देत नव्हता.

न्याहारीआधी स्तोत्र. कर्त्या पुरुषाने एक ओळ गायची, बाकीच्यांनी ती त्याच्यामागून आळवायची, मग पुढची. तो सूर कानी पडला की टॉर्क्विलला देवाच्या मांडीवर बसल्यासारखं वाटे. फर्करने पहिली ओळ दिली. मार्सलीने ती डोळे मिटून आळवली. तसंही तिला आता दिसत नव्हतंच. दुसऱ्या ओळीला फर्कर थांबला. माणसांपुढे रेटलेलं खोटं देवापुढे रेटेना.

टॉर्क्विलने खिडकीतून पाहिलं. ओढ्यापलीकडून राजाचे लाल डगलेवाले शिपाई चढत होते.

दुसरी ओळ त्यानेच उचलली. म्हातारी ती आळवू लागल्यावर तो फर्करकडे वळला.

"पत्ता दिला नाही तर आई आत असताना छप्पर पेटवणार म्हणाले," फर्कर पुटपुटला.

अशी छपरं पेटवायचे हुकूम टॉर्क्विलनेही दिले होते. धमकी पोकळ नव्हती, हे त्याला ठाऊक होतं.

"मग मला सांगायचंस. मी आपल्या पायांनी गेलो असतो." त्याचा आवाज चढला नाही. "एवढंही ओळखलं नाहीस मला?"



म्हातारी थांबली होती. "आज टॉर्क्विल ओळ सांगतोय होय? सांग बाळा, तुझा गळा गोड आहे."

टॉर्क्विलने तिसरी ओळ दिली, संथ, नीट. शिपायांचे बूट म्हातारीच्या उंबऱ्याला लागू नयेत म्हणून, ती गात असतानाच त्याने तलवार भिंतीला टेकवली, दार अलगद ओढून घेतलं आणि ओढ्याकडे चालू लागला.

मार्सलीने ओळ शेवटपर्यंत लांबवली. मग हात मांडीवर ठेवून ती पुढच्या ओळीची वाट पाहत राहिली.